तांड्यावरून आलेली जाऊ

गेल्या पंधरवड्यात दारव्ह्याहून एका भगिनीचं पत्र आलं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तिथेच त्याने मुलगी पसंत केली. मुलगी तेलुगू, आदिलाबादकडची. आधी घरात थोडी रडारड झाली, मग मिटलं, आता लग्न ठरलं आहे आणि बाई मोठ्या उत्साहात आहेत. त्यांनी मला चार प्रश्न विचारलेत. तिला आधी पुरणपोळी शिकवू की महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक? नाव कोणतं ठेवू? मराठी किती दिवसांत यायला लागेल? आणि शेवटचा प्रश्न, खाली रेघ ओढून: तिला लवकरात लवकर आपल्यासारखं कसं करून घेता येईल?

पत्र वाचता वाचता माझी गॅसवरची फोडणी करपली. कारण काही वर्षांपूर्वी हेच पत्र मी लिहिलं असतं. अक्षर तेवढं वेगळं असतं.

तेव्हा बाई, तुमच्या प्रश्नांकडे मी शेवटी येते. आधी आमच्या घरातलं सांगते. त्यात माझी बाजू काही फारशी चांगली दिसणार नाही, पण तुम्ही एवढ्या मोकळेपणाने लिहिलंत, मग मी तरी का झाकून ठेवू?

आम्ही पुसदचे. घर शेतकऱ्याचं, कापूस, तूर आणि चार म्हशी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मी बी.ए., लग्नानंतर इथल्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पूर्णवेळ शिक्षिका नाही, पण चुका काढायची सवय मात्र पूर्णवेळ लागलेली. (ती पुढे कुठे नेते ते कळेलच.) धाकट्या दिरांनी एका रात्री जेवण झाल्यावर, हात धुता धुता सांगून टाकलं की मुलगी ठरवली आहे, नर्स आहे, बंजारा समाजाची आहे, तिचा तांडा इथून एस.टी.ने तासाभरावर आहे.

तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

आता गंमत बघा. आमच्या घरात वसंतराव नाईकांचं नाव निघालं की सासऱ्यांचा आवाज बदलतो. पुसद तालुक्यातल्या गहुलीचा, तांड्यातला मुलगा, १ जुलै १९१३ चा जन्म. नागपूरला शिकून वकील झाला आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. बहात्तरच्या दुष्काळात सासरे ऐन पोरवयात खडी फोडायच्या कामावर होते, त्या मजुरीवर घर जगलं, हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. नाईकसाहेबांचा एवढा अभिमान, आणि त्यांच्याच समाजातली मुलगी सून म्हणून येणार म्हटल्यावर घरात सुतक पडल्यासारखं!

चौथ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "बाबा, नाईकसाहेबांनी तरी कुठे जातीतलं लग्न केलं होतं?"

तुम्हाला ठाऊक असेलच. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातल्या वत्सलाबाईंशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा बंजाऱ्याचा. दोन्हीकडच्या लोकांना ते मुळीच रुचलं नव्हतं.

सासरे म्हणाले, "ते मोठे लोक. त्यांचं वेगळं."

यावर सासूबाई, ज्या तीन दिवस तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, चुलीपुढून म्हणाल्या, "तवा कुठचे मोठे? नवे नवे वकील होते. मोठे मागून झाले."

आणि त्या एका वाक्यावर आमच्या घरातलं लग्न ठरलं.

पुढे मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. वत्सलाबाईंची गोष्ट आपण सांगतो ती नेहमी एकाच बाजूने. केवढी हिंमत, केवढा त्याग, शहरातली शिकलेली मुलगी कुठे गेली! ती हिंमत होतीच. पण त्या सुनेसाठी सासरच्या फळीवर कोणाचा डबा सरकला, जेवणात काय बदललं, कोणी कोणती बोली शिकून घेतली, हे आपण कधी विचारतच नाही. सून 'वरून' आली की तिचा त्याग मोजायचा, आणि सून तांड्यावरून आली की तिला शिकवायला बसायचं. दोन्ही वेळा घर आपलं जागच्या जागी!

कायद्याचं एक सांगून ठेवते, कारण याबद्दल पुष्कळ घरांत अज्ञान असतं. त्या काळी साध्या हिंदू पद्धतीने लागलेल्या आंतरजातीय लग्नाच्या वैधतेवरच शंका घेत. ती शंका १९४९ च्या कायद्याने काढून टाकली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तर वधूवरांच्या जातीचा प्रश्नच उरला नाही. मुलगा-मुलगी दोघं हिंदू असतील तर नेहमीप्रमाणे विधी करून लग्न लावायचं आणि त्याची नोंदणी करून घ्यायची. धर्म वेगळे असले, किंवा विधीच नको असले, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात नोटीस देऊन तीस दिवस थांबावं लागतं. म्हणजे कायद्याची वाट तशी सोपी आहे. तरीही २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत जातीबाहेर लग्न झालेल्या बायका शंभरात पाचच्या आसपासच निघाल्या. म्हणून तर आपल्याला अशा बाबतीत सल्ला विचारायला शेजारीपाजारी कोणी सापडत नाही.

लग्न मार्गशीर्षात झालं. स्वागताला आम्ही काही म्हणता काही कमी केलं नाही. दाराला तोरण, उंबरठ्यावर माप, ओवाळणी, सगळं. सासूबाईंनी नव्या सुनेसाठी नाव शोधून ठेवलं होतं. ताटात तांदूळ पसरून दिरांनी अंगठीने ते लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवीच अडचण. या नावाने हाक मारली की ती वळूनच बघायची नाही. सासूबाईंनी परसातून तीन हाका मारल्या तरी ही आपली भांडी लावतेय. नणंद म्हणाली, "बघा, आत्ताच कान बंद." कानांचं काही नव्हतं हो! पंचवीस वर्षं एका नावाला ओ दिलेला माणूस एका रात्रीत दुसऱ्या नावाला कसा वळेल? तिचं परिचारिकेचं रजिस्ट्रेशन जुन्या नावाचं, पगाराचं बँकखातं जुन्या नावाचं, दवाखान्यात दिवसभर तेच नाव. फक्त आमच्या उंबरठ्याच्या आत ती दुसरी कोणीतरी. महिनाभराने सासऱ्यांनीच वैतागून जुन्या नावाने हाक मारली आणि ती पटकन "हो बाबा" म्हणून आली. तेव्हापासून तेच चालू झालं, कोणी ठराव वगैरे केला नाही.

स्वयंपाकघरात तिला मी शिकवत होते. मला वाटे, मी केवढी प्रेमाने शिकवते! भाकरी ती माझ्याहून जाड थापायची. मी हसून म्हणायची, "अगं, ही भाकर की उशी?" तीही हसायची. पातोडीचा रस्सा, गोळाभात, आंबील, सगळं मी तिला दाखवलं आणि तिनं वहीत लिहून घेतलं. तिच्या घरी काय करतात हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मटण करत असतील, एवढंच माझं ज्ञान.

आणि मग तिचं मराठी. खरं तर चांगलं बोलायची, शाळा सगळी मराठीतूनच झालेली. पण कधी घाईत "ती पुस्तक" म्हणायची, "तो दूध" म्हणायची. मी लगेच दुरुस्त करायची, "ते पुस्तक. ते दूध." माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिच्यासमोर काकू चुकीचं बोलली तर मुलगी तेच उचलेल, ही माझी काळजी! एकदा जाऊ म्हणाली, "ताई, आमच्या बोलीत दोनच लिंगं आहेत, तिसरं मला मोजून आणावं लागतं." किती छान बोलली होती ती. मी म्हटलं, "सवय होईल."

आईशी फोनवर ती गोरमाटीत बोले. गोरमाटी म्हणजे त्यांची बोली, राजस्थानीच्या जवळची. आपल्या कानाला ओळखीची वाटते आणि कळत मात्र नाही. आधी ती बैठकीत बसून बोलायची. पाहुणे आले असताना मी एकदा खुणेने सांगितलं, आत जाऊन बोल. मग ती आतच बोलायला लागली, मग परसात, मग म्हशींच्या गोठ्याजवळ. तिथून एकच शब्द मला दरवेळी ऐकू यायचा, "याडी". याडी म्हणजे आई.

पण खरी चूक झाली ती संक्रांतीला.

पहिली संक्रांत, हळदीकुंकू मोठं केलं होतं. हलव्याचे दागिने मी स्वतः केले. सासूबाई म्हणाल्या, विहीणबाईला बोलवा. त्या दुपारच्या एस.टी.ने आल्या. दारात उभ्या राहिल्या आणि आमच्या आळीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. त्या पारंपरिक वेशात आल्या होत्या: लाल फेटिया, म्हणजे त्यांचा घेराचा घागरा, आरशांच्या तुकड्यांची कांचळी, डोक्यावरून भरतकामाची ओढणी, केसांत चांदीचे घुगऱ्या लावलेले दागिने, दंडापर्यंत बांगड्या. आता तांड्यातल्या मुली साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घालतात, पण जुन्या बायकांचा हा पेहराव अजून आहे. चालताना त्यांच्या अंगावर बारीक आवाज होत होता.

मी जावेला बाजूला घेऊन म्हटलं, अगदी हळू आवाजात म्हटलं, "तुझ्या आईंना माझी एखादी चांगली साडी देऊ का गं नेसायला? बायका बघताहेत, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. आईजवळ गेली, काहीतरी पुटपुटली. विहीणबाईंनी हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा सासूबाईंनी धरून उठवलं, आणि चारच्या गाडीने त्या परत गेल्या. मुक्कामाला म्हणून आल्या होत्या. पिशवी उघडलीच नाही.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. जाऊ पहिल्यासारखीच कामं करायची, ड्यूटीला जायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. "ती पुस्तक" म्हणणं तिने बंद केलं, कारण तिने बोलणंच कमी केलं. मला वाटलं, चला, भाषा सुधारली!

हे शहाणपण मला कुठे उमगलं सांगू? वर्गात. माझ्या वर्गात मागच्या दोन बाकांवर तांड्यावरून येणारी मुलं बसतात. परिपाठाला गप्प, कवितेला गप्प, प्रश्न विचारला की खाली बघतात. मी आजवर शेरा मारत आले होते, 'अभ्यासात लक्ष नाही'. एकदा मधल्या सुट्टीत त्याच मुलांना मैदानात पाहिलं. काय बोलत होती! एकावर एक, थांबता थांबेनात. घंटा झाली, वर्गात आली आणि सगळ्यांचं तोंड शिवल्यासारखं झालं. तो गप्पपणा मी कुठे पाहिलाय, असं मनात आलं. रोज संध्याकाळी, आमच्याच ओट्याशी.

श्रावणात ती तीजेसाठी माहेरी गेली. चार दिवस म्हणून गेली. आठ झाले, दहा झाले. दिरांना फोनवर म्हणाली, थोडं राहू द्या. दिर जेवेनासे झाले. सासरे म्हणाले, येईल. सासूबाई एका सकाळी उठल्या, नऊवारी नेसल्या, मला म्हणाल्या, "चाल, आपण आणू. तू पन चाल. तुले तं यावंच लागन." त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नव्हता, पण त्यांना सगळं माहीत होतं.

एस.टी.तून उतरून अर्धा कोस चालायचं. पाऊस पडून गेलेला, कापूस गुडघ्याएवढा. मी वर्गात मुलांना लमाणांचे तांडे शिकवलेले आहेत: बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर नेणारे, फौजांना रसद पुरवणारे, मग आगगाडी आली आणि धंदा बसला, इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा बट्टा लागला, तो १९५२ साली पुसला गेला. परीक्षेत पाच गुणांना हे येतं. आमच्या गावापासून तासाभरावरच्या तांड्यात मात्र मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. आणि तांड्यात शिरल्यावर काय झालं? बायका बोलायच्या थांबल्या. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. सासूबाईंच्या नऊवारीकडे, माझ्या पर्सकडे.

कोणी आम्हाला फेटिया नेसायला सांगितला नाही.

विहीणबाई धावत आल्या. सासूबाईंना खाटेवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. जेवायची वेळ झाली. मी मनातून धास्तावलेली. सासूबाईंची माळ, इथल्या भांड्यांत काय शिजलं असेल. तर विहीणबाईंनी आतून एक नवं कोरं पातेलं आणलं, त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. जावेनं सांगितलं, "लग्न ठरलं तेव्हाच याडीनं हे घेऊन ठेवलं. आई कधी आल्या तर म्हणून. यात आम्ही दुसरं काही शिजवत नाही." त्यात वरण केलं, बाजूच्या चुलीवर नव्या तव्यावर भाकरी. त्यांच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. जाड होती. वरणात कुस्करून खाल्ली तेव्हा कळलं की ती जाड का करायची असते.

आमच्या घराबद्दल त्या बाईंनी आम्ही न सांगता सगळं शिकून ठेवलं होतं. आम्ही मात्र त्यांच्या मुलीच्या वहीत आंबील लिहून देत बसलो होतो.

संध्याकाळी तीज पाहिली. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, भोवती फेर धरून गातात, आणि ठरल्या दिवशी वाजतगाजत पाण्यात सोडतात. पिवळे-हिरवे कोंब चांगले वीतभर आलेले. सासूबाई टोपल्यांजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "अवो, हे तं आपले घटच हायेत!" नवरात्रात आपण घटाभोवती माती पसरून गहू पेरतो तेच. मग दोघी विहिणी पाणी किती घालायचं, ऊन लागू द्यायचं की नाही, यावर अर्धा तास बोलल्या. एक वऱ्हाडीत, एक गोरमाटीत. कोणाला दुभाषा लागला नाही.

माझं मात्र गाठोडं तसंच होतं. माफी मागायची कशी ते सुचेना. शेवटी मी विहीणबाईंना म्हटलं, "तुमचं भरतकाम बघू द्या ना." त्यांनी पेटीतून ओढणी काढून माझ्या मांडीवर टाकली. आरसे, कवड्या, लाल-निळ्या दोऱ्याचे बारीक टाके, सुई जिथून गेली ते दिसतसुद्धा नव्हतं. मी विचारलं, किती दिवस लागले? त्या काही बोलल्या, जावेनं सांगितलं, "दोन पावसाळे." आणि मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "संक्रांतीला पहिल्यांदा घातली होती. तुमच्याकडे यायचं म्हणून."

मी काही बोलू शकले नाही. विहीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी परत आलो. गाडीत जाऊ खिडकीशी बसली होती, दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "ताई, ती पातेलं तुम्हाला आवडली का?" मी म्हटलं, "आवडली." दुरुस्त केलं नाही. तिनं मुद्दामच म्हटलं होतं, हे तिच्या ओठांवरून कळलं.

आता घरात काय बदललं ते सांगते, म्हणजे दारव्ह्याच्या बाईंना उपयोग होईल. परसात गोठ्याच्या अलीकडे पत्रा टाकून एक चूल मांडली, दोन पातेली, एक तवा, एक परात वेगळी ठेवली. महिन्यातून दोनदा जाऊ आणि दिर तिथे आपलं जेवण करतात; त्या दिवशी सासूबाई देवळात कीर्तनाला जातात आणि उशिरा येतात. तक्रार नाही, पण आवडतं असंही नाही. सगळंच गोड झालं असं मी लिहिणार नाही. नणंद अजून हळदीकुंकवाला येत नाही. ती येईल तेव्हा येईल.

फोन आता बैठकीत होतो. माझी मुलगी गोरमाटी बोलते, माझ्याहून पुष्कळ बरी, आणि मराठीत तिला चांगले गुण आहेत. म्हणजे माझी ती काळजी फुकट होती. वर्गात मी एक केलं: आठवड्यातून एकदा एका वस्तूला घरी काय म्हणतात ते ज्याने त्याने सांगायचं. पहिल्या दिवशी मागचा बाक खाली बघत होता. मी फळ्यावर 'आई' लिहिलं आणि शेजारी 'याडी' लिहिलं. तेव्हा मागून एक हात वर आला, "बाई, तुम्हाला कसं माहीत?"

मागच्या रामनवमीला सासूबाई आणि विहीणबाई दोघी पोहरादेवीला जाऊन आल्या. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी, आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. तिथे नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सासूबाई परत आल्यावर म्हणाल्या, "पंढरपुरावानीच गर्दी." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघणं शक्य नाही.

तर बाई, तुमचे प्रश्न. नाव: मुलीला आधी विचारा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि नोकरीच्या मुलीला कागदपत्रांचा ताप निराळा. मराठी: तिची ती शिकेल, तुम्ही तोवर तेलुगूतले दहा शब्द शिकून ठेवा, आईला, पाण्याला, जेवलीस का याला काय म्हणतात एवढं पुरे. मुलाला फोन करून आजच विचारा, त्याला येत असतीलच. पुरणपोळी: आधी तिच्या आईला विचारा की त्यांच्याकडे सणाला काय करतात. आंध्र-तेलंगणाकडे बोब्बट्लू करतात, ती आपली पुरणपोळीच समजा, पातळ आणि तुपात निथळणारी. ती तिच्या हातची पहिल्यांदा होऊ द्या आणि तुम्ही वाढायला बसा. तिच्या आईवडिलांना पहिल्या सणाला मुक्कामाला बोलवा, आणि ते काय नेसून येतील याची चिंता करू नका.

चौथ्या प्रश्नाखालची रेघ मात्र खोडून टाका.

मी जावेच्या हातची बाटी करायला घेतली आहे. पीठ उन्हाळ्याचं असेल तर पाणी कोमट घ्यायचं, हाताने फार दाबायची नाही, मधे जाड आणि कडेला थोडी पातळ ठेवायची, आणि तव्यावर पाणी फिरवल्यावर लगेच उलटायची नाही. माझी अजून मधे फुटते. जाऊ शेजारी उभी राहून बघते आणि म्हणते, "ताई, ही बाटी की पापड?"